भीमसेन कुणाचे?

बंगळूरला पोस्टिंग आली तेव्हा सरकारी क्वार्टरची यादी लांबलचक होती, म्हणून जयनगरच्या पाचव्या ब्लॉकात भाड्याचे घर घेतले. राघवेंद्रस्वामींचा मठ तिथून चालत पाच मिनिटांवर. घरमालक बँकेतून निवृत्त झालेले. पहाटे मी पीटीला निघायचो तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातून फिल्टर कॉफीचा वास आणि पंडित भीमसेन जोशींचा आवाज एकदमच बाहेर यायचा. शब्द मात्र कानडी. पुरंदरदासांचे, लक्ष्मीला घरी बोलावणारे पद.

एक दिवस मी कौतुकाने म्हणालो, "अंकल, आमच्या भीमसेनजींनी कानडी काय सुरेख गायलंय!"

ते हसले. आमचे बोलणे हिंदीत चाले. म्हणाले, "तुमचे? ते गदगचे. मी तर समजत होतो, आमच्या भीमसेनांनी मराठी सुरेख गायलंय."

हा वाद माझ्यासाठी नवा नव्हता. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या सेंटरवर मी रंगरूट होतो तेव्हा माझ्या शेजारच्या खाटेवर गदगकडचा एक कानडी मुलगा होता. बाहेर सीमावादावरून वातावरण तापले होते आणि ते बॅरेकमध्येही शिरले. मी सांगलीचा, नाट्यपंढरीचा! मी त्याला सुनावले, "भीमसेन पुण्याचे. तुमच्याकडे गाण्यातले आहे काय?" प्रकरण हातघाईवर आले. उस्तादांनी दोघांना मैदानाला चकरा मारायला लावल्या आणि शिक्षेचा दुसरा हप्ता म्हणून रविवारी मंदिर परेडला दोघांनी गायचे, असे फर्मान काढले. मी विठ्ठलाचा अभंग म्हटला, त्याने दासांचे पद. टाळ्या दोघांनाही सारख्याच मिळाल्या. बोलणे मात्र पुढे कित्येक महिने बंदच राहिले.

जयनगरला त्या घरी राहताना फावल्या वेळात वाचत गेलो, तेव्हा कळले की मी तेव्हा काय बोलून बसलो होतो.

सुरुवात माझ्याच सांगलीपासून. १८४२ साली उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. यक्षगानाच्या घरातला तो खेळ. तो पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना मराठीत असे काही करायला सांगितले आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभे राहिले. त्यात गाणे सूत्रधाराकडे असे. पात्रे सोंग वठवत आणि आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. हा साचा मोडला अण्णासाहेब किर्लोस्करांनी. तेही बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' झाले आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. किर्लोस्करांनी चाली घेतल्या त्या साकी-दिंडीतून, लावणीतून, कीर्तनातून आणि लहानपणापासून कानावर असलेल्या कानडी पदांतून.

पुढे १९११च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीच्या वळणाच्या चाली आणल्या. १९१६च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातल्या बंदिशी बालगंधर्वांच्या गळ्यात घातल्या. राजवाड्यातला राग तिकीट काढून बसलेल्या माणसापर्यंत पोहोचला तो असा. नाट्यपद हे त्या काळचे लोकप्रिय संगीत झाले. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून ते गावोगाव गेले.

मराठी कंपन्या तेव्हा हुबळी-धारवाडला मुक्काम टाकत. कानडी कंपन्या त्यांचे पाहून गाऊ लागल्या. पोरवयात वामनराव मास्तरांच्या कानडी कंपनीत काम करणाऱ्या मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे मिरजेच्या नीलकंठबुवांनी ऐकले आणि त्यांना शिष्य करून घेतले. मिरजेतच राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी कुंदगोळच्या रामभाऊंना घडवले. हेच रामभाऊ मराठी रंगभूमीवर 'सवाई गंधर्व' म्हणून गाजले. घरची भाषा कानडी, कीर्ती मराठीत! त्यांच्याकडे गंगूबाई हनगल शिकल्या. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर नाव असे 'गांधारी', आणि त्यांत मराठी भावगीतेही होती.

गदगचा एक मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडा झाला आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घरातून पळाला. ग्वाल्हेर, जालंधर असा उत्तर हिंदुस्थान पालथा घालून अखेर तो घराजवळच्या कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारी आला. हे भीमसेन जोशी. पुढे ते पुण्यात स्थायिक झाले आणि १९५३ पासून तिथे गुरूंच्या नावाने महोत्सव भरू लागला.

आता अभंगाचे पाहा. अभंग म्हणजे वारीतला, भजनातला. टाळ-मृदंगावर चार जणांनी मिळून म्हणायचा. राम फाटकांनी चाल दिलेला नामदेवांचा अभंग भीमसेनजींनी गायला, नंतर 'संतवाणी'चे कार्यक्रम सुरू झाले, आणि अभंग हा भर मैफलीत ऐकायचा प्रकार झाला. ख्यालाचा दमसास, पखवाज, टाळ आणि मध्येच विठ्ठलनामाचा गजर. ख्याल कशाशी खातात हे ठाऊक नसलेली माझी आजी रेडिओपुढे हात जोडून बसायची. त्याच गळ्याने 'दासवाणी' गायली आणि कानडी घरांत तेच घडले. पुरंदरदास हे कर्नाटक संगीताचे पितामह; दक्षिणेत लहान मुलांचे पहिले धडे त्यांच्या नावाने सांगतात. त्यांचे पद हिंदुस्थानी ढंगात गाणे ही धिटाईच. पण १९८३च्या 'नोडी स्वामी नाविरोदु हीगे' या चित्रपटात ते लक्ष्मीचे पद भीमसेनजींच्या आवाजात आले आणि इथल्या स्वयंपाकघरांतून आजही ऐकू येते.

हे सगळे मी घरमालकांना गच्चीवर बसून ऐकवले. त्यांनी शांतपणे विचारले, "आणि बेंद्रे?"

द. रा. बेंद्रे हे कानडीचे महाकवी, १९७३च्या ज्ञानपीठाचे मानकरी. जन्म धारवाडचा, पण घरात मराठी बोलत. सोलापूरच्या डीएव्ही कॉलेजात बारा वर्षे त्यांनी कानडी शिकवली. कानडीतही भावगीत हा गाण्याचा प्रकार आहे आणि त्याला शब्दही 'भावगीते' असाच आहे. सी. अश्वत्थ आणि म्हैसूर अनंतस्वामी यांच्यासारख्यांनी तो घरोघर नेला, आणि बेंद्र्यांच्या कवितांवाचून त्याचे पान हलत नाही. त्यांची पहाटेवरची कविता १९६७च्या 'बेळ्ळी मोड' चित्रपटात गाणे होऊन आली. घरमालकांनी ती मला गच्चीवर पाठ म्हणून दाखवली. म्हणजे आमच्या अभंगाला कानडी घरातला गळा मिळाला आणि त्यांच्या भावगीताला मराठी घरातला कवी.

एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर मठात गेलो. नऊवारीसारखेच काष्टे घातलेल्या चार-पाच वृद्ध बायका दासांची पदे म्हणत होत्या. प्रत्येक पदाच्या शेवटी एक ओळखीचे नाव येत होते. मी विचारले. ते म्हणाले, "पुरंदरविठ्ठल. ही दासांची मुद्रा. विजयदासांची विजयविठ्ठल."

मी तिथेच खाली बसलो. बेळगावच्या मंदिर परेडला आम्ही दोघे एकाच देवाचे गाणे म्हणत होतो, आणि नंतर कित्येक महिने एकमेकांशी बोललो नव्हतो. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटले, हे मी शाळेत शिकलो होतो. पण शिकलेले वेळेवर आठवले नाही.

माझा तो बॅचमेट आता पेन्शनवर आहे, गदगजवळ शेती करतो. जुन्या नायकाकडून नंबर मिळवून मी मठाच्या पायरीवरूनच फोन लावला. ओळख पटल्यावर मी म्हणालो, "तुझं बरोबर होतं. ते गदगचेच."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बेळगावी मराठीत उत्तर आले, "अरे, मी पण पोरांना सांगतो, पुण्याला गेले म्हणून एवढे मोठे झाले."

पुढच्या सुट्टीत सांगलीला जाताना गदगवरून जायचे ठरले आहे.