धावांचा डोंगर आणि काळाचे माप
क्रीडा प्रतिनिधी

नागपूर : रणजी करंडक स्पर्धेच्या २०२४-२५ च्या मोसमात विदर्भाने तिसऱ्यांदा विजेतेपद पटकाविले. त्यात यश राठोडने १० सामन्यांत ९६० धावा काढून फलंदाजांच्या यादीत अग्रस्थान मिळविले. मुंबईच्या रुसी मोदींनी १९४४-४५ मध्ये अवघ्या पाच सामन्यांत १००८ धावा केल्या होत्या. म्हणजे सामन्यामागे राठोडच्या ९६, तर मोदींच्या सुमारे २०२. यावरून दोघांपैकी श्रेष्ठ कोण ते ठरविणे मात्र घाईचे होईल. मोठी धावसंख्या खेळाडूच्या गुणवत्तेइतकीच त्याच्या काळावरही अवलंबून असते.

निर्जीव खेळपट्ट्यांचे दिवस
१९४० चे दशक हा भारतीय क्रिकेटमधील धावांच्या सुकाळाचा काळ होता. खेळपट्ट्या फलंदाजांना अनुकूल होत्या आणि महत्त्वाचे सामने निकाल लागेपर्यंत चालत. १९४४-४५ च्या मुंबई-होळकर अंतिम सामन्यात २०७८ धावा निघाल्या. पुढच्याच मोसमात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. त्या एका डावात सहा शतके होती. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा फटकाविल्या. त्याच मोसमातील मुंबई-महाराष्ट्र सामन्यात २३७६ धावांची नोंद झाली. विजय मर्चंट यांची रणजीतील ९८ हून अधिक धावांची सरासरी याच पार्श्वभूमीवर पाहावी लागते. त्यांची थोरवी त्यामुळे कमी होत नाही, पण तिला संदर्भ मिळतो.

सामन्यांची संख्या
नाण्याला दुसरी बाजूही आहे. १९३४-३५ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा प्रारंभी बाद पद्धतीची होती. विजेत्या संघालाही मोजकेच सामने मिळत. हरलेल्यांचा मोसम एका सामन्यात संपे. विभागीय साखळी १९५७-५८ मध्ये आली. एका मोसमात हजार धावांचा पल्ला गाठणाऱ्या मोदींचा विक्रम ४४ वर्षे टिकला. १९८८-८९ मध्ये तमिळनाडूच्या डब्ल्यू. व्ही. रामन यांनी १०१८ धावा करून तो मोडला. पुढे १९९९-२००० मध्ये हैदराबादच्या व्हीव्हीएस लक्ष्मणने नऊ सामन्यांत १४१५ धावा केल्या. थोडक्यात, सामन्यामागे निघणाऱ्या धावा आणि सामन्यांची संख्या हे दोन्ही घटक जुळून आले, की मोठ्या आकड्यांची शक्यता वाढते. एक वाढून दुसरा घटला, तर हिशेब जवळपास तिथेच राहतो.

प्रतिस्पर्धी कोण?
तिसरा घटक प्रतिस्पर्ध्याच्या दर्जाचा. २०१८-१९ मध्ये नऊ नवे संघ दाखल झाल्याने स्पर्धेतील संघांची संख्या ३७ झाली. नवोदितांच्या प्लेट गटात सिक्कीमकडून खेळणाऱ्या मिलिंद कुमारने आठ सामन्यांत १३३१ धावा काढल्या. त्याच मोसमात विदर्भाच्या वसीम जाफरने वयाच्या चाळिशीत, एलिट गटातील संघांविरुद्ध ११ सामन्यांत १०३७ धावा केल्या. आकडा मिलिंदचा मोठा, पण कसोटी जाफरची अधिक कठीण होती.

गोलंदाजांनाही हेच लागू पडते. बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९ मध्ये प्लेट गटात आठ सामन्यांत ६८ बळी मिळविले. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेऊन हा विक्रम मागे टाकला. त्याला दहा सामने लागले, परंतु समोर बलाढ्य संघ होते.

तुलना कशी करावी?
उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या एनएचएल स्पर्धेत हा प्रश्न जुना आहे. तेथे गोल आणि गोलसाठीचे साहाय्य मिळून खेळाडूचे गुण मोजले जातात. वेन ग्रेट्झ्कीने १९८५-८६ मध्ये २१५ गुण मिळविले, तेव्हा एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सुमारे आठ गोल होत. २००३-०४ पर्यंत ही संख्या पाचच्या आसपास आली आणि अग्रस्थानावरील मार्टिन सेंट लुईसला ९४ गुणच मिळाले. म्हणून जाणकार खेळाडूच्या गुणांची त्या मोसमाच्या सरासरीशी सांगड घालतात. आठ गोलांच्या काळातील १६० गुण पाच गोलांच्या काळात १०० भरतात, असे हे साधे त्रैराशिक आहे. या हिशेबानंतरही ग्रेट्झ्की सेंट लुईसच्या पुढेच राहतो. फक्त दोघांतील अंतर बरेच कमी होते.

रणजीतही अशीच पद्धत वापरता येईल. त्या मोसमात एका बळीमागे सरासरी किती धावा निघाल्या, हे आधी पाहावे; खेळाडूची सरासरी त्याच्या किती पट आहे, हे नंतर. मग सामन्यांची संख्या आणि गटाचा दर्जा विचारात घ्यावा.

हा केवळ आकडेमोडीचा छंद नाही. हजार धावांचा टप्पा गाठला, की खेळाडूचे नाव निवडीच्या चर्चेत येते. २०१७-१८ मध्ये विदर्भाला पहिले विजेतेपद मिळवून देणाऱ्या फैज फझलच्या ९१२ धावा होत्या, तर कर्नाटकच्या मयंक अगरवालच्या ११६०. फैजच्या वाट्याला कसोटी सामना कधीच आला नाही. निवडीची कारणे अनेक असतात. पण नऊशे आणि हजार यांतील फरक कधीकधी एखाद्या अधिकच्या सामन्याचा किंवा मऊ खेळपट्टीचा असू शकतो, याचे भान मूल्यमापन करणाऱ्यांनी ठेवायला हवे.