माश्या मोजणाऱ्याचा वर्ग

मानवी लैंगिकतेचं मानसशास्त्र आज अमेरिकेतल्या कितीतरी कॉलेजांत ऐच्छिक विषय म्हणून घेता येतं. त्याच्या कुळात मागे जावं तर भेटतो एक कीटकशास्त्रज्ञ.

आल्फ्रेड किन्सी इंडियाना विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत. ओकच्या झाडांवर गाठी उठवणाऱ्या बारीक माश्या गोळा करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. नमुने लाखांनी, आणि एकासारखा दुसरा नाही. 1938च्या उन्हाळ्यात, विद्यार्थिनींच्या संघटनेच्या मागणीवरून, विद्यापीठानं नवा वर्ग काढला. नाव सोज्वळ: ‘विवाह’. प्रवेश विवाहितांना, लग्न ठरलेल्यांना आणि शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना. सूत्रं किन्सींच्या हाती.

वर्ग सुटला की खरी शाळा भरे. मुलं एकेकटी गाठून विचारत: माझं हे चारचौघांसारखंच आहे ना? किन्सींनी ग्रंथ चाळले. उपदेश उदंड, मोजमाप नावापुरतं. मग त्यांनी विचारणाऱ्यांनाच बोलतं केलं. उत्तरं सांकेतिक खुणांनी एका कागदावर उतरत, म्हणजे चुकून कुणाच्या हाती लागलं तरी अर्थ लागू नये. ‘असं कधी केलंय का?’ हा प्रश्न ते टाळत. ‘पहिल्यांदा कधी केलंत?’ असं थेट विचारत. नाकारायचं तर समोरच्यानं नाकारावं. पोलिसी वाटते ही रीत, पण तिनंच लोकांची भीड चेपली.

गावात कुजबुज वाढली. 1940मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स यांनी पर्याय ठेवला: वर्ग किंवा मुलाखती. किन्सींनी वर्ग सोडला. मुलाखतींतून उभ्या राहिलेल्या त्यांच्या 1948च्या ग्रंथात 5,300 पुरुष आले, 1953च्या ग्रंथात 5,940 स्त्रिया.

मानसशास्त्र या कथेत शिरलं ते शंका घेऊन. ब्रुकलिन कॉलेजात मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी आपल्या विद्यार्थ्यांना किन्सींकडे मुलाखतीसाठी जायला सुचवलं. या विद्यार्थ्यांच्या आत्मसन्मानाच्या चाचण्या मास्लोंकडे होत्याच. आपणहून गेले कोण, तर बहुतेक करून स्वतःबद्दल खात्री असलेले. आणि मास्लोंच्या आधीच्या अभ्यासात अशीच माणसं लैंगिक बाबतीत अधिक मोकळी निघाली होती. म्हणजे आकडे फुगणार. हा निष्कर्ष किन्सींना रुचला नाही. मास्लोंनी तो 1952मध्ये जेम्स साकोडांसह छापला. लाखो माश्या टिपताना ही अडचण कधी आली नव्हती. माशीला कुणी ‘येतेस का?’ म्हणून विचारत नाही.