स्थलांतरितांचा गृहहक्क, मुंबईतील
दुष्काळ वा बेकारीमुळे गाव सोडून मुंबईत आलेल्या कुटुंबास शासकीय पुनर्वसनाचे घर मिळण्याविषयीचा हक्क. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकास देशात कोठेही वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परदेशातून आलेल्यास लागणारा परवाना त्यास लागत नाही. परंतु घराच्या बाबतीत परवान्याचे काम एका तारखेने केले.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील अनेक कुटुंबे मुंबई-पुण्याकडे गेली. हिंगोलीचा प्रदेश तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. १९७६ मध्ये मुंबईतील झोपड्यांची गणना होऊन झोपडीधारकांना ओळखपत्रे, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘फोटोपास’, देण्यात आली. पुढे याच गणनेस निर्णायक महत्त्व आले. १९८१ च्या पावसाळ्यात शासनाने पदपथावरील रहिवाशांना हटवून मूळ गावी धाडण्याचे ठरविले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत १९६१ साली तमिळनाडूतील सेलमहून आलेला एक भूमिहीन मजूरही होता. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले, पण पदपथावर राहण्याचा हक्क मानला नाही. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना मात्र पर्यायी जागा द्यावी, असे सांगितले.

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने २२५ चौ. फुटांचे घर विनामूल्य देऊ केले. पात्रतेची तारीख १ जानेवारी १९९५ होती. ती २०१४ मध्ये १ जानेवारी २००० पर्यंत आणण्यात आली. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पुढे सशुल्क घराची तरतूद झाली. तारीख पुढे सरकली, तत्त्व तेच राहिले.

वास्तव्याचा प्रमुख पुरावा मतदारयादी हा होय, आणि खरी अडचण येथेच आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार एकाच व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत नोंदविता येत नाही. हंगामापुरता शहरात राहून पेरणीला सेनगाव वा कळमनुरीकडे परतणारा मजूर गावचे नाव सहसा काढत नाही. त्यामुळे शहरातील त्याची वर्षे यादीत उमटतच नाहीत. जो गावाशी नाते तोडतो, तोच शहरात पात्र ठरतो, हे या व्यवस्थेतील विपरीत होय. भाड्याच्या झोपडीत राहणाऱ्याची स्थिती याहून बिकट असते. अपात्र ठरलेल्यास उरतो तो रात्रनिवारा. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांच्या कायम निवाऱ्याचे प्रमाण ठरविले होते.