कराची ते मुंबई : अंतर तेवढंच, वाट मात्र लांबली



गटाच्या पिशव्यांसाठी कापड आणायला मी तालुक्याच्या बाजारात जाते. तिथं एका दुकानात सिंधी आजी बसतात. वय ऐंशीच्या पुढं. एकदा सहज विचारलं, "आजी, तुमचा जन्म कुठला?" त्या म्हणाल्या, "कराचीचा. फार लांब नाही गं, पण जाता येत नाही."

ते बोलणं मनातून जाईना. म्हणून आज कराची आणि मुंबई या दोन शहरांमधल्या वाटेची गोष्ट सांगते.

नकाशावर सरळ रेघ ओढली, तर हे अंतर ९०० किलोमीटरपेक्षाही थोडं कमी भरतं. इंग्रजांच्या काळात सिंध मुंबई इलाख्यातच होता. १९३६ साली तो वेगळा प्रांत झाला. कराचीत मराठी कुटुंबं राहत. तिथल्या एका जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांचं नाव आहे. जाणं-येणं आगबोटीनं, नाहीतर लांबून वळसा घेणाऱ्या रेल्वेनं.

विलायतेची टपाल १९२९ पासून विमानानं कराचीपर्यंत येऊ लागली. ती पुढं मुंबईला लवकर कशी न्यायची? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एक इंजिनाचं छोटं विमान घेऊन एकटे कराचीहून निघाले. वय २८. सोबत सुमारे २५ किलो टपाल. वाट दाखवायला रेडिओ नाही. अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं, तेही बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतलं! सकाळी साडेसहाच्या सुमारास निघालेलं विमान दुपारी दोनच्या आत जुहूला उतरलं. म्हणजे सात तासांच्या आसपास. याच सेवेतून पुढं एअर इंडिया उभी राहिली.

पंधरा वर्षांनी फाळणी झाली. हजारो सिंधी कुटुंबं बोटींनी मुंबईला आली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिली. तेच आजचं उल्हासनगर. आपल्या आजीही तेव्हाच आईच्या कडेवर बसून आल्या.

१९८२ साली, ७८ व्या वर्षी, टाटांनी तसंच छोटं विमान पुन्हा कराचीहून मुंबईला आणलं. तेव्हा वाट उघडी होती.

आजचं जेट विमान हे अंतर दीड तासात कापेल. पण थेट विमानच नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. आज जायचंच म्हटलं, तर दुबईवरून वळसा. म्हणजे ९०० ऐवजी ३००० किलोमीटरच्या वर. दुबईतला थांबा लांबला, तर बैलगाडीतल्या पेट्रोलवर उडालेलं ते विमान आधी पोहोचेल! आणि हे सगळं व्हिसा मिळाला तर.

मैत्रिणींनो, यंत्रं वेगवान झाली म्हणून वाट जवळ होतेच असं नाही. वाट उघडी ठेवावी लागते. आपल्याकडंही बँक १२ किलोमीटरवर, पण दुपारची एसटी बंद झाली की एका सहीसाठी अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते. तेव्हा अंतर सांगताना नुसते किलोमीटर सांगू नका. किती वेळ लागतो, किती पैसे जातात आणि वाट कुणी अडवली, तेही सांगा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपली अशी एक वाट सांगायची. ती वहीत लिहू आणि ग्रामसभेत मांडू.

आजींची वाट आपल्या हातात नाही. एसटीची मागणी मात्र आहे.