कन्हानकाठचं दाबोळी

आमच्या रामाकोन्यात पाणी म्हणजे कन्हान, आणि तीही उन्हाळ्यात गुडघ्याएवढी. अशा गावातून मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, साठच्या दशकात छोट्या लाईनीच्या गाडीनं नागपूरला गेले आणि नौदलात भरती झाले. आजी शेवटपर्यंत सांगायची, "पोरगा जहाजावर आहे." खरं तर त्यांची बहुतेक नोकरी जमिनीवर गेली. गोव्यात दाबोळीला, आय.एन.एस. हंसा या नौदलाच्या विमानतळावर ते मेकॅनिक होते. नौदल, विमान आणि जमीन हे त्रांगडं गावाला काही उलगडेना. मग गावानंच आपली गोष्ट रचली: एकाहत्तरच्या लढाईत मोठेबाबांनी कॉक्स बझारवर बॉम्ब टाकले.

कॉक्स बझारवर ४ डिसेंबर १९७१ला हल्ला झाला तो विक्रांत जहाजावरून उडालेल्या सी हॉक विमानांचा. मोठेबाबा तेव्हा दाबोळीलाच होते. पारावर हा विषय निघाला की ते हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत, सुपारी कातरत राहतात. पन्नास वर्षं मिळालेला मान असा एका वाक्यात कोण घालवील?

पण माझ्या फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला बसलो की ते वेगळंच बोलतात. बॉम्बचं नावही काढत नाहीत. बोलतात ते खड्यांबद्दल. सकाळी उड्डाणं सुरू होण्याआधी सगळ्यांनी एका ओळीत, मान खाली घालून, धावपट्टीवर चालत जायचं आणि खडा, खिळा, तारेचा तुकडा, जे दिसेल ते वेचायचं. जेट इंजिन समोरचं सगळं आत ओढतं. एवढासा नटही पात्यांचा चुरा करतो. "पऱ्हाटीत कापूस येचतो ना आपण, तस्संच," ते म्हणतात, "फक्त इथं बोंड सुटलं तं नुकसान आपलं, तिथं खडा सुटला तं पायलट गेला."

आणि पाने. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. काम संपलं की पाना आपल्या आकृतीवर टांगायचा. एक जागा रिकामी दिसली तर विमान उडत नसे. पाना सापडेपर्यंत सगळे ओणवे. मोठेबाबांच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या खोलीत आजही विळे, कात्र्या आणि फवारणीच्या नळ्या भिंतीवर तशाच आकृत्यांवर टांगलेल्या आहेत. कोळशानं काढलेल्या त्या रेषा मी लहानपणापासून बघत आलो. ही नौदलाची शिस्त आहे हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

मोठेबाबांची एक गोष्ट मला बरीच वर्षं थापच वाटायची. दाबोळीच्या जुन्या लोकांनी त्यांना सांगितलेली. गोवामुक्तीच्या वेळी भारतानं धावपट्टी बॉम्बनं फोडली, तरी त्याच रात्री पोर्तुगीजांची दोन विमानं तिथूनच उडून गेली म्हणे. पुस्तकं चाळली तर गोष्ट खरी निघाली. १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी पुण्याहून आलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीवर मारा केला. तळावर उभी असलेली दोन प्रवासी विमानं मात्र वाचली. अंधार पडल्यावर पोर्तुगीजांनी धावपट्टीचा तुकडा घाईघाईनं डागडुजी करून घेतला आणि दोन्ही विमानं कराचीला पोचली. त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन होतं. आज बोगमाळोच्या रस्त्यावर, १९९८ला उघडलेल्या नौदलाच्या विमानसंग्रहालयात, सगळ्यात मोठं विमान आहे तेही सुपर कॉन्स्टेलेशनच. ते आधी एअर इंडियाकडे, मग हवाईदलाकडे आणि १९७६ला नौदलाकडे आलं. जातीनं मात्र त्या पळालेल्या विमानाचं भावंडच.

हंसाही मूळची दाबोळीची नव्हे. ५ सप्टेंबर १९६१ला ती सुरू झाली कोइमतूरजवळ सुलूरला, आणि जून १९६४मध्ये गोव्यात आली. कोइमतूरला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचा विमानदुरुस्तीचा तळ होता, त्याचं नाव गरुड. त्याच नावाचा भारतीय तळ १९५३ला कोचीत उभा राहिला. तळ असे नावं घेऊन फिरतात, आणि मागं उरलेल्या आवाराचा इतिहास कुणी विचारत नाही.

दाबोळीची अडचण उलटी आहे. तळ अजून चालू आहे, म्हणून आत जाऊन जुनं काही शोधायची सोय नाही. संग्रहालयात सी हॉक आहे, अलिझे आहे, सी हॅरियर आहे. स्क्वाड्रनच्या तारखा, सेनापतींची नावं, पदकं, सगळं कागदावर आहे. खडे वेचणारी ओळ मात्र कुठंच नाही. ती माणसं गोव्यात थोडीच राहिली! निवृत्त होऊन ती आपापल्या गावी गेली, आमच्यासारख्या, समुद्र न पाहिलेल्या गावांत. त्यांना शोधायचं तर आधी रामाकोन्यासारख्या ठिकाणी यावं लागेल, आणि हे सरकारी संग्रहालयाच्या डोक्यात येणं अवघड.

वस्तू जपण्याबद्दल मोठेबाबांचं मत फार चांगलं नाही. त्याचं कारण विक्रांत. १९९७ला निवृत्त झालेलं ते जहाज मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभं होतं. २०१२ला ते धोकादायक म्हणून बंद झालं, २०१४ला भंगारात गेलं. त्याचं थोडं लोखंड बजाजनं २०१६च्या एका मोटरसायकलीत घातलं. चुलतभावानं हौसेनं ती गाडी घेतली आणि टाकीवरचा बिल्ला वडिलांना दाखवला. मोठेबाबांनी त्यावरून अंगठा फिरवला, म्हणाले, "बरं झालं. आता पेट्रोल भराले तरी लोक याले घेऊन फिरतीन." मग गाडीखाली वाकून चेनचा नट घट्ट आहे का ते पाहिलं.

एकदा मी त्यांना तारखेवरून फारच छेडलं. कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, कोण अधिकारी होते? ते चिडले. "तारखा तुह्या पुस्तकात हायेत ना? मंग मले काहून इचारतं? जे पुस्तकात नाही ते इचार."

तेव्हापासून तेच विचारतो. आंबिया बहाराची तोडणी आटोपली की अलिझेबद्दल विचारायचं आहे. तीन माणसांचं, पंख्याचं, पाणबुड्या शोधणारं ते विमान. ते पावसाळ्यात धुताना नेमके कोणते सांधे आधी पुसायचे, यावर मोठेबाबांचं आणि सौंसरच्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं अजून भांडण चालू आहे. दोघांना एकत्र बसवून रेकॉर्डिंग करणार आहे.