भाड्याच्या घरातील फरशी

भाड्याच्या घरातील फरशी : बिऱ्हाडे वारंवार बदलणाऱ्या घरासाठी निवडायची टिकाऊ जमीन. महाराष्ट्रातील शहरांत ११ महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स करार रूढ आहेत. करार संपला की एकाची कपाटे, पलंग, फ्रीज ओढत बाहेर जातात आणि दुसऱ्याचे आत येतात. त्यामुळे ओरखडा किती उशिरा उमटतो एवढेच पाहून भागत नाही. उमटल्यावर तेवढाच भाग दुरुस्त होतो का, हे अधिक महत्त्वाचे. खरेदीच्या वेळी नेमके तेच विसरले जाते.

कर्नाटकातील शहाबादी आणि राजस्थानातील कोटा या दोन्ही फरश्या चुनखडकाच्या. त्यांचा रंग अंगचा असल्याने झिजल्या तरी आतून वेगळे काही निघत नाही. यंत्राने घासून पॉलिश केले की पुन्हा उजळतात. मोझॅक लादीतला संगमरवरी खड्यांचा थरही असाच पुन्हा घासता येतो, म्हणून जुन्या इमारतींतील धड मोझॅक उखडून टाकणे हा निव्वळ अपव्यय आहे. चुनखडकाचे वैर आम्लाशी. लिंबू, चिंच सांडून राहिली की डाग पडतो आणि संडास धुण्याच्या ॲसिडने पॉलिश जाते. संगमरवराचाही हाच दोष, शिवाय तो महाग. भाड्याच्या घरात तो बसवू नये.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जेमतेम ०.५ टक्क्यापर्यंत शोषते, त्यामुळे तेल-हळद सहसा मुरत नाही. मात्र गुजरातमधील मोरबीहून येणारी प्रत्येक चकचकीत टाइल सारखी नसते. ‘डबल चार्ज’मध्ये रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो; ‘जीव्हीटी’मध्ये (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल) नक्षी वरच्या पातळ लेपात छापलेली असते आणि टवका उडाला की खालचा वेगळा रंग उघडा पडतो. भाड्यासाठी मध्यम रंगाची डबल चार्ज किंवा आरपार एकाच रंगाची ‘फुलबॉडी’ घ्यावी. न्हाणीघरात मात्र खरबरीत मॅट टाइलच हवी.

लाकडासारखे दिसणारे लॅमिनेट टाळावे. त्यातील दाबलेल्या लाकूडतंतूंचा गाभा पाण्याने फुगतो. वॉशिंग मशिनची नळी एकदा सुटली तरी पट्ट्या कडेने उचलल्या जातात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात नेहमीच्या वापराची झीज आणि तोडफोड यांतील फरक स्पष्ट लिहावा. वापराने आलेल्या झिजेचे पैसे अनामत रकमेतून कापणे अन्यायाचे आहे.

बसवणाऱ्या कारागिराचा हात टाइलइतकाच मोलाचा. खाली मसाला नीट न भरल्यास टाइल पोकळ वाजते आणि जड भांडे पडले की तिथेच फुटते. सांधा न सोडता टाइला एकमेकींना भिडवल्या, तर उष्णतेने प्रसरण पावून त्या उचलल्या जातात. ओट्याजवळच्या सांध्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरावे; ते डाग धरत नाही. बॅच बदलली की छटा बदलते आणि नक्षी तर बाजारातूनच नाहीशी होते. म्हणून त्याच बॅचच्या एक-दोन जादा पेट्या माळ्यावर ठेवाव्यात.