प्रवरसेनाची चूक
तुमसरजवळचा आंबागडचा किल्ला १७०० च्या सुमाराचा, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाहा याच्या अमदानीतला. पण राज्य करणाऱ्याने जुन्या, शिस्तीच्या छंदात कविता लिहावी, ही रीत या मुलखात किल्ल्याहून बारा-तेराशे वर्षांनी जुनी आहे.

तुमसरहून रेल्वेचा एक फाटा तिरोडीला जातो. तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. तो पाचव्या शतकातला. गावाचे दान, करांची माफी, हा कारभाराचा मजकूर संस्कृतात. कवितेला बसला तेव्हा मात्र याच राजाने महाराष्ट्री प्राकृत घेतली आणि १५ आश्वासांचे, म्हणजे सर्गांचे, ‘सेतुबंध’ रचले. छंद बहुतेक स्कंधक: दर अर्ध्याला ३२ मात्रा, ना एक जास्त, ना एक कमी.

वाट त्याच्या घराण्यातच पडलेली होती. वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिमच्या शाखेतल्या सर्वसेनाने प्राकृतात ‘हरिविजय’ लिहिले होते. ते काव्य हरवले. साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत त्याचे तुकडे तेवढे उरले. त्याही मागे हाल सातवाहनाच्या नावावरची गाथासप्तशती आहे.

प्रवरसेनाचे ताम्रपट शंभूचा प्रसाद सांगतात, काव्य मात्र रामाचे. त्याची आई प्रभावतीगुप्ता रामगिरीच्या देवाची भक्त. तिचा ऋद्धपूर ताम्रपट त्याच देवाच्या पायाशी दिलेला, आणि रामगिरी म्हणजे रामटेक. आईचा देव लेकाच्या कवितेत आला, असेच मला वाटते.

अकबराच्या काळातल्या रामदास या टीकाकाराने मात्र हे काव्य कालिदासाने प्रवरसेनासाठी लिहिल्याची कथा नोंदवली. सत्ताधाऱ्याच्या कवितेवर हा संशय येतोच. कधी सत्ताधारी स्वतःच शंका घेतो, ती छंदावर: चीनचे नेते माओ त्से तुंग यांच्या जुन्या छंदांतल्या १८ कविता १९५७ साली नियतकालिकात आल्या, तेव्हा सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिले की हे घाट विचार बांधून टाकतात, तरुणांत त्यांचा प्रसार नको.

प्रवरसेनाने असा इशारा दिला नाही. पण ‘सेतुबंधा’च्या आरंभीच एक श्लोक आहे: नव्या राजाने आरंभलेली ही काव्यकथा, चुकली-घसरली तिथे पुन्हा जुळवलेली, मैत्रीसारखी शेवटास नेणे अवघड. दुसऱ्याने लिहून दिलेल्या कवितेत हा घाम कशाला येईल? त्या चुकण्यासाठी तिथे शब्द आहे ‘चुक्क’. तुमसरच्या शाळेतली पोर आज पाटीवर पुसते ती ‘चूक’ हीच.